त्रेसष्टचे छत्तीस

सुतारकामाच्या शाळेत प्रवेश परीक्षा नव्हती, म्हणून ती तिथे आली. वय एकोणीस. शालान्त परीक्षेत गणितात तीनदा नापास झाली होती. तिसऱ्या निकालानंतर तिच्या बाबांनी विषय मिटवला. ते बस चालवायचे आणि घरातही थांबे कमीच घ्यायचे. "डोकं चालत नाही तर हात चालव," एवढंच म्हणाले. मोठी बहीण औषधांच्या दुकानात कामाला होती. तिच्याबद्दल असं काही बोलायची वेळ कधी आली नव्हती.

कार्यशाळा म्हणजे एक लांब खोली. दोन रांगांत जाड लाकडी बाकं, भिंतीवर करवती आणि रंधे, आणि कोपऱ्यात एक लोखंडी शेगडी. बिघडलेले तुकडे तिच्याशेजारच्या पेटीत जमायचे आणि थंडीच्या दिवसांत शेगडीत जायचे. पहिल्या तीन महिन्यांत तिने केलेली एकूण एक वस्तू त्या पेटीत गेली. आखूड झालेल्या फळ्या, बाजू एकमेकींना न भेटणाऱ्या चौकटी, पाय लांब आणि बैठक अरुंद असं एक स्टूल. वर्गातली मुलं तिला 'जळण' म्हणायला लागली. ती वर बघायची नाही, पण हाकेला ओ द्यायची.

शिकवायला एक बाई होत्या. चौपन्न वर्षांच्या, उजव्या हाताचं मधलं बोट एका पेराने कमी. त्या वडिलांच्या हाताखाली सुतारकाम शिकल्या होत्या. तिथे वरून माप ओरडलं जायचं आणि खालच्याने ते लक्षात ठेवायचं. तीच सवय त्यांनी शाळेत आणली होती. सकाळी हजेरी झाली की त्या वही उघडून दिवसाची मापं भराभर सांगायच्या. फळा होता, पण त्यावर कामाचे डगले टांगलेले असायचे.

जळणवर त्या इतरांपेक्षा जास्त चिडायच्या. "कान कुठे ठेवून येतेस? तुझा आणि मोजपट्टीचा छत्तीसचा आकडा आहे का?" वर्ग हसायचा. तीही थोडं हसायची. रोज समजावून झालं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथ्या महिन्यात खिडकीची चौकट करायची होती, तीही चांगल्या सागवानाची. लाकूड मोजून आलं होतं, प्रत्येकाच्या वाटणीला एकच फळी. तिने आपली फळी कापली आणि ती निम्म्याहून थोडी जास्तच भरली. त्या दिवशी नेमके प्राचार्य फेरीवर होते. त्यांनी तो तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि बाईंना बाहेर बोलावलं.

"हिला घरी पाठवू या. तिचाही वेळ जातोय आणि आपलं लाकूडही."

"आठवडाभर थांबा," बाई म्हणाल्या.

हे त्या का म्हणाल्या, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तुकडा हातात घेतल्यावर त्यांचा अंगठा कापलेल्या कडेवरून गेला होता, एवढंच. कड आरशासारखी होती. गुण्या लावून पाहिला, तर काटकोनात केसाएवढाही फरक नव्हता.

वर्ग सुटल्यावर त्यांनी शेगडीशेजारची पेटी उलटी केली. तिचे तुकडे ओळखणं सोपं होतं, बाकी कोणाची कड इतकी साफ नव्हती. त्यांनी प्रत्येक तुकडा मोजला आणि आपल्या वहीतल्या मापाशेजारी लिहिला. सत्तावीस हवं होतं, बहात्तर झालं होतं. अठ्ठेचाळीसचे चौऱ्याऐंशी. आजच्या चौकटीला त्रेसष्ट सांगितले होते, फळी छत्तीस भरली. जिथे तीस, साठ किंवा पंचावन्न सांगितलं होतं, तिथे माप बरोबर होतं. बाईंनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला तासाआधी बोलावलं. उलटी केलेली पेटी अजून तशीच होती.

"लिही. सदतीस."

तिने लिहिलं: ७३.

"आता वाच."

ती थबकली. "त्र्याहत्तर," ती म्हणाली. मग घाईने म्हणाली, "चुकलं. खोडते."

"खोडू नकोस. सात आधी का लिहिलास?"

"सात आधी ऐकू येतो, बाई. सद-तीस. जे आधी ऐकू येतं ते हात आधी लिहून मोकळा होतो. लक्ष ठेवलं तर जमतं. पण तुम्ही भराभर सांगता, मग एकाकडे लक्ष देईपर्यंत पुढचे दोन निघून जातात."

"आणि पाढे?"

"पाढे तोंडपाठ आहेत. म्हणायला सांगा, म्हणते. लिहायला घेतले की उलटे पडतात. शाळेत सर म्हणायचे, धांदरट आहे."

"घरी?"

"घरीही तेच म्हणतात."

बाईंनी खिशातून पेन्सिल काढली आणि परत ठेवली. "याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी काही डॉक्टर नाही. पण आपल्या भाषेत आकडे पाठीकडून बोलले जातात, हे मात्र खरं. आणि लाकडाला आकडा कळत नाही, त्याला खूण कळते."

त्यांनी तिला एक सरळ पट्टी तासून घ्यायला लावली, माणसाच्या उंचीची. करायच्या वस्तूची सगळी मापं एकदाच, समोर नमुना धरून, त्या पट्टीवर रेघांनी उतरवायची. पुढे आकड्याशी संबंध नाही. पट्टी फळीवर ठेवायची, खूण करायची, कापायचं. ही रीत जुनीच होती, बाईंच्या आजोबांच्या वेळची. शिकवण्याजोगी आहे असं कोणाला वाटलं नव्हतं, इतकंच.

शिवाय त्याच दिवशी फळ्यावरचे डगले खाली आले. बाई आता माप सांगताना लिहायच्याही, आणि दोन्ही तऱ्हांनी म्हणायच्या: "अठ्ठेचाळीस. चार, आठ." मागच्या बाकावरच्या मुलांना आधी गंमत वाटली. पंधरा दिवसांत त्यांच्यातल्या दोघांचे बिघडलेले तुकडेही कमी झाले.

आठवडा संपला तेव्हा प्राचार्यांनी बाबांना बोलावून घेतलं होतं. ते वर्दीतच आले.

"तिच्या डोक्यात काही शिरत नाही, बाई," ते उभ्यानेच म्हणाले. "थोरली हुशार निघाली. हिचं आम्ही मनाला लावून घेत नाही."

बाईंनी बाकावर लाकडाचे तीन सांधे मांडले. एकाच मापाचे, एकाच लाकडाचे. "यातला एक मी केलाय. ओळखा."

बाबांनी एकेक सांधा उचलला, ओढून पाहिला, नखाने फट शोधली. शेवटी मधला पुढे केला. "हा. यात नख जात नाही."

"तो तुमच्या मुलीचा. माझा डावीकडचा."

बाबा तो सांधा हातात धरून राहिले. प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते. "मग तीन महिने काय झालं होतं?" बाबांनी विचारलं.

"मी वेगाने बोलत होते," बाई म्हणाल्या.

वर्षअखेरीस परीक्षा होती. परीक्षक बाहेरून यायचे आणि मापं तोंडी सांगायचे. मापं लिहून द्यावीत म्हणून बाईंनी परीक्षा मंडळाला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, त्याचंही आलं नाही. प्राचार्य म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. परीक्षेच्या खोलीत वर्गशिक्षकाला मज्जाव होता, त्यामुळे बाईंनी आदल्या दिवशीच तिला सांगितलं, "मला आत येता येणार नाही. तुलाच मागावं लागेल."

"काय मागू?"

"जे हवंय ते. कारण विचारलं तर कारण सांग. लाजलीस तर लाकूड वाया जाईल."

परीक्षकांनी पहिलं माप सांगितलं तेव्हा तिने हात वर केला. आवाज नीट निघाला नाही, म्हणून दुसऱ्यांदा म्हणाली, "साहेब, आकडे फळ्यावर लिहाल का? ऐकून लिहिले की माझे उलटे पडतात."

मागे कोणीतरी खाकरलं. परीक्षकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि खडू घेतला. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नसावं. एका मिनिटाचं काम होतं. ती त्या परीक्षेत सहावी आली.

पुढे जिने बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली. पहिल्याच वर्षी मालकांनी फोनवर सांगितलेलं माप तिने घाईत टिपलं आणि जिन्याच्या बाजूची अख्खी फळी वाया गेली. ती स्वतःच मालकांसमोर जाऊन उभी राहिली आणि कारण सांगितलं. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बजावलं की यापुढे माप लिहूनच यायला हवं. चुका इतरांच्याही होत होत्या, त्यांनी फक्त त्या कबूल केल्या नव्हत्या. सहा वर्षांत आखणीचं सगळं काम तिच्याकडे आलं. जिन्यात पायरीमागे दोन मिलिमीटर चुकले तर शेवटची पायरी जमिनीला टेकत नाही. तिचे जिने टेकत. हाताखाली तीन माणसं होती. ती तिला 'ताई' म्हणत.

बाई निवृत्त झाल्या. गुडघे गेले. त्यांच्या घरच्या जिन्याला कठडा नव्हता, तो बसवायला कारखान्याने तिला पाठवलं. दिवसभर दोघी कामाचंच बोलल्या, उतार किती, मूठ किती जाड. बाई खालच्या पायरीवर बसून शेवटचा स्क्रू आवळला जाताना बघत होत्या.

"तुला पहिले तीन महिने फार बोलले मी," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. ते तुझ्याजवळ बोलायचं राहूनच गेलं."

नाही हो, असं म्हणणं सोपं होतं.

"मला घरी जाऊन रडू यायचं," ती म्हणाली. "मग पेटी उलटी केलीत तुम्ही."

बाईंनी मान हलवली. तिने हात पुढे केला, बाई उठल्या आणि नव्या कठड्याला धरून चार पायऱ्या चढून गेल्या. वर पोचल्यावर म्हणाल्या, "जरा जाड झालाय. माझ्या मुठीला."

"तासून देते," ती म्हणाली, आणि रंधा काढला.