स्टॅनमोरहून निघालेला खण

अजयच्या बॉस लिनबाई रविवारी त्यांच्या लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी जेवायला येणार असं ठरलं आणि सुचेताला घाम फुटला. दिवाळीत लिनबाईंनी त्यांना चीनमधल्या आपल्या आजोळी हातमागावर विणलेलं रेशीम भेट दिलं होतं. अजयचं वर्क परमिट वाढणार होतं ते याच बाईंच्या शिफारशीवर. आणि ते रेशीम सुचेताने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंजिरीला खण म्हणून देऊन टाकलं होतं.

तसं तिचं फारसं चुकलं नव्हतं. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं, घडीचं, चकाकणारं मीटरभर कापड मराठी घरात शिरलं की थेट देण्याघेण्याच्या गठ्ठ्यात जातं. त्याला चीन काय आणि येवला काय.

तिने मंजिरीला फोन केला. मंजिरी आधी म्हणाली, शिवायला टाकलाय. मग म्हणाली, रंग जरा भडक वाटला. शेवटी तो पूर्वीच्या डोहाळजेवणात ओटीत घातल्याचं निघालं. पूर्वीने तो वैजयंतीकाकूंच्या साठीला दिला होता. काकूंनी, हीथ्रोला गाडीने सोडलं म्हणून, वॉटफर्डला राहणाऱ्या नागपूरच्या शिल्पा मेश्रामला. एवढ्या हातांतून गेला, पण तोवर घडी कुणीच मोडली नव्हती.

शनिवारी सुचेता बदल्यात द्यायला कोरी पैठणी घेऊन वॉटफर्डला पोचली. शिल्पाने दार उघडलं आणि समोरच्या भिंतीवर, छोट्या बुद्धमूर्तीच्या मागे, ते रेशीम पूर्ण उलगडून लावलेलं दिसलं. मधोमध चक्र, भोवती शंख, कमळ, छत्र, माशांची जोडी, आणि सुरुवात-शेवट नसलेली एक गाठ. सुचेताही ते पहिल्यांदाच पाहत होती.

"काकू म्हणाल्या, ब्लाउज शिव. मी कात्री घेऊनच बसले होते," शिल्पा म्हणाली. "घडी उघडली तर धम्मचक्र. ते पाठीवर घेऊन बसच्या सीटला टेकायचं कसं हो?"

सुचेताने सगळं खरं सांगितलं. शिल्पा स्टुलावर चढली आणि टाचण्या काढू लागली. नागपूरची माणसं नको तेव्हा समजूतदार होतात.

पैठणी पिशवीतच राहिली.

"राहू द्या ते," सुचेता म्हणाली. "उद्या जेवायला आम्ही तिघं आलो तर चालेल?"

रविवारी अजयने लिनबाईंना गाडीत समजावलं की आमच्या घरची मोठी भिंत टीव्हीने अडवली आहे, म्हणून तुमची भेट एका मैत्रिणीकडे मानाने ठेवली आहे. लिनबाई रेशमासमोर हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. आजीकडे असंच लावलेलं असायचं, म्हणाल्या. मग शिल्पाच्या झणझणीत सावजी रश्शाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दोन्ही कारणांचं असावं.

परतताना त्या मागच्या सीटवरून म्हणाल्या, परमिटचं पत्र उद्या पाठवते. आणि तुमच्याकडे काहीच उरलं नाही, तेव्हा अजून एक रेशीम पाठवते.

"पाठवा," सुचेता म्हणाली. "या वेळी उघडून बघते."

"म्हणजे?" लिनबाईंनी विचारलं.

अजयने रेडिओ मोठा केला.