अर्धी दाढी, चार प्रश्न

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. मला पाठ आहे, हात आहेत, पाय आहे. तोंड तेवढं नाही, म्हणून माझ्यापुढे लोक मोकळेपणानं बोलतात. चाळीस वर्षांत मी इतकं ऐकलंय की लिहायला बसले तर अर्ध्या गावाला गाव सोडावं लागेल. पण घाबरू नका. आज मी फक्त माझी स्वतःची गोष्ट सांगणार आहे, आणि तीही मला जवळजवळ उचलून नेलं होतं त्या दिवसाची.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचा पाया, लाल रेक्झिनची गादी, डोकं टेकायला उशी आणि बाजूला एक दांडा. दांडा दाबला की मी वर जात असे. आता दाबला तर मी आधी कुरकुरते, मग विचार करते, मग जाते. मला विकत घ्यायला थोरल्या मालकांनी आपली सायकल विकली आणि पुढची दोन वर्षं ते दुकानात चालत आले. वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझं वाहन दुकानात उभं आहे."

माझ्या हातांवर आडवी फळी टाकून कितीतरी पोरांचे पहिले केस कापले गेले. त्यातली काही पोरं इतकी रडली की शेजारचा दुकानदार चौकशीला यायचा. पुढे तीच पोरं नोकरीच्या मुलाखतीआधी माझ्यावर येऊन बसली, तेव्हा गप्प होती, पण मनातून तशीच रडत होती.

थोरल्या मालकांनी आपल्या मुलाला, म्हणजे आताच्या मालकाला, दोनच नियम शिकवले. खुर्चीत बसेल तो गिऱ्हाईक. त्याची दाढी करायची, चौकशा करायच्या नाहीत. आणि पातं गालावर असताना समोरच्याला बोलू द्यायचं नाही. तो बोललाच तर आधी हात उचलायचा. मालकानं हे नियम असे पाळले की ते त्याच्या डोक्यातून निघून गेले आणि हातांत जाऊन बसले.

मग एकदा वरच्या मजल्यावरची पाण्याची टाकी फुटली आणि रात्रभर दुकानात पाऊस पडला. आरसे गेले, वायरिंग गेलं, छत पोटुशी बाईसारखं फुगलं. मालकानं एका कंपनीकडून कर्ज काढलं आणि दुकान उभं केलं. पहिलं वर्ष हप्ते नीट गेले. मग साबणाच्या फेसावरून मालकाचाच पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कारागिराचं मनगट म्हणजे त्याचं दुकानच. तीन महिने मी रिकामी बसले आणि तीन हप्ते थकले.

आणि पाहुणे सुरू झाले.

माणूस एकच, पण हे नाव बाकावरच्या गिऱ्हाइकांनी मानानं ठेवलेलं. न बोलावता येत आणि जायचं नाव घेत नसत, म्हणून पाहुणे. खरं काम कंपनीसाठी वसुलीचं. दारातूनच ओरडत, "काय शेठ, दुसऱ्यांची डोकी साफ करता, आपलं देणं कधी साफ करणार?" मालकाच्या बहिणीच्या सासरी फोन केला. सकाळी सहाला शटर बडवलं. बाकावर अनोळखी माणूस असला तर आवर्जून त्याच्याकडे बघून थकलेला आकडा सांगत. मालकानं घाबरून दोनदा त्यांच्या हातात रोख रक्कम ठेवली. "पावती उद्या देतो," असं ते म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही, आणि कंपनीच्या पत्रात थकलेले हप्ते तीनचे तीनच राहिले.

शेवटी एकदा पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हप्ता नसेल तर आठवड्यानं ही उचलतो."

मित्रांनो, मला कधी भीती माहीत नव्हती. त्या आठवड्यात मी कुणी न दाबताच खाली बसले.

दुकान बंद असायच्या दिवशी मालकाची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात, कर्जाचे कागद घेऊन माझ्यावर बसली. आरशावरचा मोठा दिवा लावला आणि ज्या बारीक अक्षरांवर मालकानं न वाचता सही केली होती, ती बोट ठेवून वाचली. दुपार गेली.

"अहो, ह्यात खुर्ची कुठेच तारण नाही," ती म्हणाली. "आणि हे बघा, वसुलीला येणाऱ्यानं कसं वागायचं ते कंपनीनं स्वतःच छापलंय. तुम्ही त्यांना चारच गोष्टी विचारा. ओळखपत्र. तुम्हालाच पाठवल्याचं पत्र. थकबाकीचा लेखी हिशेब. दिलेल्या पैशांची पावती."

"विचारतो."

"कधी?"

"आले की."

ते दोनदा आले. दोन्ही वेळा मालकाची जीभ टाळ्याला चिकटली. घेणेकऱ्यापुढे माणसाला वाटतं, आपण पैसे बुडवलेत, म्हणजे तोंड उघडायचा हक्कही बुडवलाय.

आठवडा भरला. नोकरदारांच्या सुट्टीची सकाळ, बाकावर तिघं. त्यांत निवृत्त पोस्टमनकाका वर्तमानपत्र उलटं धरून झोपलेले. पाहुणे आले आणि थेट माझ्यावर बसले.

"आज पैसे घेतल्याशिवाय उठत नाही. बघू कुणाची दाढी होते ते. दुपारी टेम्पो येतोय."

मालक माझ्यामागे उभा राहिला. आणि मग त्याच्या हातांनी कापड झटकलं, पाहुण्यांच्या गळ्याशी बांधलं आणि ब्रश फेसात बुडवला. मालक आजही शपथेवर सांगतो की त्यानं काही ठरवलं नव्हतं. खुर्चीत कुणीतरी बसलं, आणि हातांना तेवढंच कळतं.

पाहुणे दचकले. मग आरशात स्वतःचे दोन दिवसांचे खुंट बघून सैल झाले. "दाढीनं हप्ता फिटणार नाही हं."

"नाही फिटत," मालक म्हणाला.

उजवा गाल साफ झाला. पाहुण्यांना बाकावरची मंडळी दिसली आणि राहवेना. "तुमच्या ह्या कारागिराकडे तीन हप्ते..."

पातं वर गेलं. "बोलू नका. कापेल."

पातं खाली आलं. "आणि ही खुर्ची आज..."

पातं वर. "साहेब, तुमच्याच भल्याचं सांगतो."

पाहुणे गप्प झाले. अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्धा फेसात. असा माणूस रस्त्यावर जाऊ शकत नाही. दुकानात इतकी शांतता कधी पडली नव्हती. आणि त्या शांततेत, कारागीर बोलतात तसं, समोरच्या आरशाशी मालक बोलायला लागला.

"तुमचं ओळखपत्र बघायचं राहिलंय." पातं एकदा गालावरून खाली. "कंपनीनं तुम्हालाच पाठवल्याचं पत्रही." पातं उचललं. "आता बोला."

"ऑफिसात आहे. दोन्ही."

"हिशेब लेखी हवाय. खुर्ची न्यायचा हुकूमही दाखवा." हनुवटी झाली. "बोला."

"हुकूम... तसं काही... आम्ही आपलं सांगतो."

"आणि मी दोनदा रोख दिले, त्याची पावती." पातं उचललं आणि उचललेलंच राहिलं.

पाहुण्यांच्या गालावरचा फेस हळूहळू बसत गेला.

"हे रोखीचं आमच्यासमोर झालं होतं हो," बाकावरून आवाज आला. पोस्टमनकाका जागे झाले होते. वर्तमानपत्रही सुलट होतं.

एवढं होऊनही मालकानं डावा गाल उजव्याइतकाच हळुवार केला आणि तुरटी फिरवली. एक ओरखडासुद्धा नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. एक थेंब रक्त आलं असतं तर सगळी गोष्ट पाहुण्यांच्या बाजूची झाली असती.

पाहुणे उठले. दाढीचे पैसे दिले. दाराशी थांबून हळू म्हणाले, "महिन्याला तीस घरं गाठावी लागतात मला. माझ्या डोक्यावरही साहेब आहे."

"मग साहेबांनाच लिहितो," मालक म्हणाला.

टेम्पो आला नाही. वहिनीनं दुपारी पत्र लिहिलं: कुठली तारीख, किती वाजता, कोण काय बोललं, कुणादेखत. पोस्टमनकाकांनी ते पोचपावतीसह पाठवायला लावलं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या," ते म्हणाले, "ही कंपनीची सही तेवढी माझ्यासाठी."

बाराव्या दिवशी उत्तर आलं. एक रक्कम उशिरा जमा झालेली सापडली, दुसरीची चौकशी लागली आणि महिन्यानं तीही जमा झाली. हप्ते लहान करून दिले. व्याज मात्र एका पैशानंही कमी झालं नाही, आणि मालकानंही तशी अपेक्षा धरली नाही. घेतलेत ते फेडायचे, ह्यावर त्याचं कधीच दुमत नव्हतं. आता तो दर महिन्याला स्वतः जाऊन भरतो आणि पावती वाचूनच जागचा हलतो.

परवा पलीकडच्या गल्लीतला शिंपी माझ्यावर बसला. अर्ध्यात फोन वाजला. तो बाहेर गेला, दबक्या आवाजात बोलला आणि खांदे पाडून परत आला. मालकाला ती चाल ओळखीची. तो काही न विचारता कात्री चालवत राहिला. शेवटी शिंपीच म्हणाला, "शिलाई मशीन नेतील का हो माझं?"

"तारण आहे?"

"काय माहीत. सही केली फक्त."

"कागद घेऊन या. चार वाजता आमची ही येते, ती वाचेल. मग हप्त्याचं बोलायला आपण दोघं जाऊ."

शिंप्याचं सगळं वजन तेव्हा पहिल्यांदा माझ्या पाठीवर आलं. तोवर तो गादीच्या काठावर बसला होता.

म्हणून मित्रांनो, एका जुन्या खुर्चीची विनंती ऐका. माझ्या दांड्याला वर्षातून एकदा तेल घाला, रेक्झिनवर नखं ओढू नका. मोठे व्हाल तेव्हा सहीआधी कागद वाचा, दिलेल्या पैशांची पावती घ्या आणि घेतलेलं कर्ज फेडा. पण जो पैसे देणं लागतो तो पैसेच देणं लागतो. त्याची सकाळ, त्याच्या बहिणीचं सासर आणि त्याची बसायची जागा त्यात धरलेली नसते.