शिक्षा : एक रविवार

पाळकबाबांनी बाजाच्या पेटीवरची वही उचलली, ती केवळ पेटी उघडायची होती म्हणून. वही तुरुंगातल्या शिपायाची. तो पाण्याचा तांब्या भरून आणायला गेला होता आणि जाताना ती तिथेच ठेवून गेला होता. दुसऱ्याची वही वाचू नये हे बाबांना कळत होतं. पण वही उघडी होती आणि चष्मा नाकावर होता, त्याला ते तरी काय करणार.

डावीकडे कैद्याचा क्रमांक, मध्ये कसूर, उजवीकडे शिक्षा.

'रांगेत धक्काबुक्की. एक रविवार.'

'तंबाखू गादीत लपवली. दोन रविवार.'

'शिपायास उलट उत्तर. तीन रविवार.'

बाबांनी पान उलटलं. मागेही रविवारच रविवार. तेवढ्यात शिपाई तांब्या घेऊन आला.

"शिपाईदादा, हे रविवार म्हणजे काय हो?"

शिपायाने वहीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि तांब्या खाली ठेवायला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लावला.

"तुमचेच की, बाबा."

"माझे?"

"आधी अंधारकोठडी होती. ती वरून बंद झाली. मग साहेब म्हणाले, काहीतरी तर हवंच."

बाबा पेटीसमोर बसले ते बसलेच.

दीड वर्षापूर्वी त्यांच्या चर्चच्या पंचांनी त्यांना चहाला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं होतं, की प्रवचन यापुढे पंधरा मिनिटांचं असावं आणि बोलून करावं. बाबांचं प्रवचन गाऊन असे. दोन वाक्यं सरळ चालायची, तिसरं हळूच पाऊल उचलायचं, आणि चौथ्याला पेटीचा भाता हलू लागला की बाबा डोळे मिटून थेट वरच्या पट्टीत. नुसतं सांगितलेलं कानात राहतं, गाऊन सांगितलेलं काळजात उतरतं, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. सूर भक्तीने ओथंबलेला असे. पेटीच्या सुराला मात्र तो सणासुदीच्या पाहुण्यासारखा, कधीमधीच भेटायला जाई.

"देव सगळं ऐकून घेतो," त्यांची बायको म्हणायची, "त्याचं वय झालंय. माणसांचं तसं नाही."

त्यानंतर तुरुंगातला रविवार मिळाला आणि बाबांना पुन्हा धुमारे फुटले. चाळीस माणसांचं दालन आणि चाळीसच्या चाळीस जागा भरलेल्या. कोणी मध्येच उठत नाही, कोणी घड्याळ बघत नाही. बाबा घरी येऊन जेवताना सांगायचे, "काय ती तहान गं. अशी तहान आपल्या मंडळीत नाही." बायको भात वाढायची आणि काही बोलायची नाही. हे काही न बोलणं बाबांना त्या दिवशी प्रथमच आठवलं.

त्या रविवारीही ते गायले, पण डोळे उघडे ठेवून. ज्याला ते पश्चात्तापाने झुकलेली मान समजत होते ती झोप होती. दुसऱ्या बाकावरचा जो धिप्पाड माणूस दर वेळी डोळे पुसायचा, तो जांभया देत होता. मोठ्या माशाच्या पोटात अडकलेल्या संदेष्ट्याची कथा चालली होती. शास्त्रात तो बिचारा तीन दिवस आत होता, बाबांनी त्याला सात रविवार ठेवला होता. अंधाराचं वर्णन त्यांना इतकं साधलं होतं, की त्याला बाहेर काढायचं जिवावर येई.

तिसऱ्या बाकावर नेहमीप्रमाणे कुलूपमास्तर बसला होता. हे नाव त्याला तुरुंगाने दिलेलं. बाहेर असताना त्याने न उघडलेलं कुलूप गावात शोधावं लागलं असतं. साठीचा, हडकुळा, छताकडे बघत बसणारा. वहीत त्याच्या शर्टावरच्या क्रमांकापुढे दर आठवड्याला एकच ओळ होती. 'शर्टाला बटण नाही. एक रविवार.' बाबांनी मोजल्या होत्या, एक्केचाळीस. आजही तिसरं बटण नव्हतंच. एक बटण शिवून घ्यायचा आळस म्हणून माणूस एक्केचाळीस वेळा आपलं प्रवचन सोसतो, या विचाराने बाबांचा सूर प्रथमच स्वतःहून खाली आला.

उपासना संपताच ते तुरुंगाधिकाऱ्यांच्या खोलीत गेले.

"साहेब, देवाचं वचन ही शिक्षा नाही."

"तसं मीही म्हणत नाही," साहेब म्हणाले. "पण बाबा, गुण आलाय. दीड वर्षात मारामाऱ्या निम्म्यावर आल्या."

"ज्याला यायचं त्याने आपणहून यावं. यायचं नसेल त्याने येऊ नये."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना बाबांबद्दल आदर होता, म्हणूनच ते जरा थांबून बोलले.

"वरचा नियम असा आहे, की आपणहून येणारे किमान दहा तरी हवेत. नाहीतर दालन दुसऱ्या कामाला द्यायचं. सुतारशाळा दोन वर्षं मागतेय. आजवर मी कोणाला विचारलं नाही, कारण तुमचे चाळीस भरत होते. आता तुम्हीच विचारायला लावताय. पुढच्या रविवारी दहा झाले नाहीत, तर मला सही करावी लागेल."

"होतील," बाबा म्हणाले. हा शब्द मात्र त्यांनी बोलूनच म्हटला, गाऊन नाही.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चाळीस माणसं आयती कोंडून मिळाली होती, ती तुम्ही आपल्या हाताने सोडून दिलीत."

"कोंडलेल्यांपुढे गाण्यात काय मोठेपणा?"

"मोठेपणा नाहीच. सोय होती." ती भांडी उचलू लागली. "आणि त्या माशाचं काय? त्याला तरी मोकळं करणार आहात का या रविवारी?"

"दहा जमले तर बघू," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी निघताना कोटाच्या खिशात घशाच्या गोळ्यांची पुडी निघाली. त्यांनी ती ठेवली नव्हती.

दालन झाडून ठेवलं होतं. दहा बाक आणि एकही माणूस नाही. बाबांनी पेटी उघडली, भाता हलवून पाहिला, बंद केली, पुन्हा उघडली. शिपाई वही घेऊन दाराशी उभा होता. आज वहीत नवा रकाना आखलेला होता, 'आपणहून आलेले', आणि तो साबणाने धुतल्यासारखा कोरा होता.

"उन्हाचं येत नसतील," दहा मिनिटांनी बाबा म्हणाले.

"असेल," शिपाई म्हणाला. बाहेर ढगाळ होतं.

वीस मिनिटं झाली. सुतारशाळेचा मास्तर एकदा दारातून डोकावला, आत बाक किती लांबीचे आहेत ते नजरेने मापून गेला. बाबांनी ते पाहिलं आणि पेटीचं झाकण लावून घेतलं. मग, काहीच नाही म्हणून, मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली, की तुझी इच्छा तीच माझी, फक्त ती जरा लवकर कळव.

तेव्हा तो आवाज आला. आधी नुसतंच थप, थप, थप. ओला कपडा दगडावर बसावा तसं. मग त्यावर चढलेली चाल. बाबांनी मान वर केली. चाल त्यांचीच होती. चौदाव्या वर्षापासून ते जिथे घसरत आले होते त्या वळणावर ती आली, आणि घसरली नाही. अलगद वळून पुढे गेली.

"हे कोण?"

शिपायाने वहीत तोंड घातलं. "स्वयंपाकघरामागे हौद आहे, बाबा. रविवारी कपडे धुतात."

बाबा उठले. वाळत घातलेल्या चादरींच्या रांगेपाशी ते थबकले, कारण पलीकडे जे दिसत होतं त्यात शिरायचा धीर झाला नाही. हौदाभोवती माणसंच माणसं, उघडी, साबणाने माखलेली. मध्ये दगडावर कुलूपमास्तर शर्ट आपटत होता आणि गात होता. माशाच्या पोटातला अंधार. शब्द बाबांचे, फक्त जिथे बाबा चार ओळी घेत तिथे तो एक घेई आणि बाकीचं शर्टाच्या थपेवर सोडी.

"मास्तर, बास झाला अंधार," दुसऱ्या बाकावरचा तो धिप्पाड माणूस म्हणाला. आज तो जांभई देत नव्हता. "सात आठवडे झाले. सुटला का तो?"

"मागच्या रविवारपर्यंत तरी नव्हता सुटला."

"बाबांचं त्या माशाशी काही नातंगोतं आहे काय रे? सोडवत नाही त्यांना."

हशा पिकला. चादरीमागे बाबांचे कान गरम झाले. आणि नेमका त्याच वेळी वाऱ्याने चादर उचलली.

हौद गप्प झाला. नळ तेवढा वाहत राहिला. कुलूपमास्तरने ओला शर्ट छातीशी धरला, जणू काही चोरलेलं सापडलं.

"मास्तर," बाबा म्हणाले, "दालनात का नाही आलात?"

"कसा येणार, बाबा? काल बटण तोडून शिपायाला दाखवलं. म्हणाला, ते बंद झालं, बाबांनीच बंद केलं."

"आपणहून यायचं होतं."

"आपणहून?" मास्तरने आजूबाजूला पाहिलं. सगळे एकदम कपडे धुऊ लागले. "आपणहून गेलो असतो तर बराकीत कोणी जगू दिलं नसतं. भगत झाला म्हणाले असते. शिक्षेला गेलं की कोणी हसत नाही. आणि परत आलो की हेच विचारतात, पुढे काय झालं. म्हणून रविवारी इथे थोडं सांगतो. तुमच्यासारखं जमत नाही."

"नाही जमत," बाबा म्हणाले. ही गोष्ट कबूल करायला त्यांना जड गेलं आणि ती कोणत्या बाजूने खरी आहे हे तिथे कोणी विचारलं नाही.

धिप्पाड माणूस हळूच म्हणाला, "बाबा, मग सुटतो कसा तो?"

बाबांनी तोंड उघडलं. सूर लावायला घसा साफ केला. खिशातल्या गोळीपर्यंत हात गेला. मग तो हात तसाच बाहेर आला.

"मास्तर, तुम्हाला काय वाटतं?"

कुलूपमास्तरने शर्ट पिळून खांद्यावर टाकला.

"मी चाळीस वर्षं कुलपांत घातली, बाबा. एक सांगतो. आत कोंडलेल्याच्या हातात काही नसतं. कडी बाहेर, कुलूप बाहेर, चावीचं भोकसुद्धा बाहेर. आत बसून कितीही डोकं लढवा. बाहेरून कोणी हात लावला तरच उघडतं. तो माणूस हुशारीने नाही सुटायचा. त्याला कोणीतरी उघडलं असणार."



तीस वर्षं बाबा त्या एका वाक्याच्या मागे होते. प्रत्येक प्रवचनात ते त्याच्या दारापर्यंत जायचे, आणि मग वरची पट्टी यायची आणि वाक्य राहून जायचं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, ओलाच परत लावला.

"हेच गा," ते म्हणाले. "इथूनच पुढे."

मागून पावलं वाजली. शिपाई पेटी खांद्यावर आणि वही काखेत घेऊन आला होता. पेटी त्याने कोरड्या कट्ट्यावर टेकवली. सुतारशाळेचा मास्तर साहेबांकडे गेलाय, एवढं तो बाबांच्या कानात म्हणाला, मग बोटाने हवेत मोजत हौदाभोवती एक फेरी मारली.

"बाबा, दालनात असावेत असं काही नियमात नाही. आपणहून आलेले असावेत एवढंच आहे. हे आपणहून कपडे धुताहेत. चौतीस लिहू?"

बाबांनी पेटीकडे पाहिलं. मग एक रिकामी बादली उलटी केली, धिप्पाड माणसाने जरा सरकून जागा दिली, आणि ते तिच्यावर बसले. पेटी कट्ट्यावर बंदच राहिली.

"पुन्हा मोजा," ते म्हणाले.

शिपायाने पुन्हा मोजलं. बाबांना धरून पस्तीसचा आकडा लिहिला, आणि शेजारच्या 'प्रवचनकार' या रकान्यावर पेन धरून उभा राहिला. तोवर दगडावर शर्टाची पहिली थप पडली होती.