निम्मा आकडा

सहादेवकाका वारून तीन महिने झाले, तरी नागापूरच्या कारखान्याच्या शेडमध्ये पंकजाची पाठ सोडायला ते तयार नव्हते. भर दिवसा, पहिल्या पाळीला, ती मशीनच्या पडद्यावर आकडा टाकायला गेली की मागून तंबाखूचा वास यायचा आणि कानाशी आवाज, "निम्मं, पोरी." वळून पाहावं तर कुणी नाही.

काम त्यांनीच शिकवलेलं. कटरला स्वतःची जाडी असते, म्हणून बोअर, म्हणजे नगातलं गोल भोक, कापताना मशीनला कटरची त्रिज्या सांगायची. मग तो रेषेच्या तेवढा आत राहून फिरतो. बोअर लहान आला तर तो आकडा कमी करायचा, पण फरकाच्या निम्म्यानंच, कारण कटर दोन्ही अंगांनी खातो. एवढी साधी गोष्ट! पण सात महिन्यांपूर्वी एके दिवशी जेवायच्या घाईत पंकजाने बोअर चाळीस मायक्रॉन लहान भरलेला बघितला, आकडा चाळीसनंच उतरवला आणि डबा खायला गेली. तिच्यावर विसंबून काका नग चढवत राहिले. नऊ बोअर मोठे झाले. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला थेट भंगारात.

साहेबांनी विचारलं तेव्हा तिची दातखीळ बसली. काका म्हणाले, "माज्या हातनं झालं." तीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला पॅकिंगला बसवलं. चार महिन्यांत झोपेतच गेले.

आज त्यांची बायको, मनकर्णाकाकू, काकांच्या फंडाच्या कागदांवर सही करायला आल्या आणि मशीन बघू म्हणाल्या.

"ह्याच्यावरच चुकले व्हय ते?"

तंबाखूचा वास दाटून आला. पंकजाला भीती वाटली, आणि भीतीहून जास्त स्वतःची लाज.

"ते न्हाई चुकले, काकू. मी चुकले. त्यांनी माझं नाव घेतलं न्हाई, आणि मीबी गप बसले."

निम्म्याचा घोळ तिने जमेल तसा सांगितला आणि शिव्या खायच्या तयारीनं मान खाली घातली.

काकू शिव्या द्यायच्या सोडून मशीनला टेकल्या.

"चार महिनं मी त्यांना नीट जेवू दिलं न्हाई गं," त्या म्हणाल्या. "ताट वाढलं की मी म्हनायचे, तीस वर्साचं काम ईसरलात, घास तोंडात घालायचा तरी ध्यानात हाय का? ते नुसते हसायचे. आता मी चुकले म्हनून कुनाला सांगू?"