चेरीवरची नवी कव्हरं

"अहो, ती नवी कव्हरं काढा!" मी शेडच्या दारातून ओरडले. पत्र्यावर पहिले थेंब वाजायला लागले होते.

"जुन्यांत भागेल गं," आमचे काशिनाथराव शांतपणे म्हणाले. "फाटलं होतं तिथे टेप लावलीय. नवी कशाला उगाच खराब करायची?"

आता या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं की काय! ऑकलंडची ऑफिसातली नोकरी सोडून यांनी न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, क्रॉमवेलला, ही चेरीची बाग चालवायला घेतली. करार संपत आला होता. "यंदा माल चांगला निघाला तर पुढेही तुम्हीच," असं बागेचा मालक ग्रॅहम म्हणाला होता. पिकायला आलेल्या चेरीला पाऊस सोसत नाही. पाणी पिऊन फुगते आणि तडकते, मग तिला कुणी हात लावत नाही. म्हणून झाडांच्या ओळींवर प्लॅस्टिकची कव्हरं ओढायची. हिवाळ्यात मी हट्ट करून नवी आणवली. ती कंपनीच्या वेष्टनात, वर आमची जुनी चादर पांघरून, शेडमध्ये खुशाल झोपली होती. कव्हरला कव्हर! घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत, नवे कप पाहुण्यांसाठी, हे सगळं मी जन्मभर सोसलं. पण पाहुणे येईपर्यंत चेरी थांबणार होती का?

"फोनवर तर बारीक सरीच दाखवतायत," ते म्हणाले.

"फोनचं काय घेऊन बसलात? डोंगर बघा, काळाठिक्कर पडलाय!"

मग वारा सुटला आणि जुनं कव्हर टेपेच्या जागीच टरकन फाटलं. त्याच्या पाठोपाठ पलीकडचं. नवं चढवायला आता वारा उसंत देईना. फाटकी टोकं धरून आम्ही दोघं चिंब भिजलो. पाऊस थांबल्यावर शेजारच्या बागेवर हेलिकॉप्टर आलं, झाडांवरचं पाणी वाऱ्याने उडवायला. आमच्याकडे वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सकाळी ग्रॅहम आला. मूठभर चेऱ्या तोडून पाहिल्या, सगळ्यांची साल उललेली. "हार्ड लक, मेट," तो म्हणाला. फेब्रुवारीपासून दुसरं जोडपं येणार, हेही त्याने सांगून टाकलं. माणूस वाईट नाही, पण त्याचंही पोट बागेवरच आहे.

तो गेला आणि माझा तोल सुटला. "टेप लावलीय म्हणे! आता ठेवा ती कव्हरं नातवंडांच्या लग्नाला! मला इथेच राहायचं होतं हो, कळतंय का तुम्हाला?"

ते शेडमध्ये गेले, चादर बाजूला केली, सुरीने वेष्टन फाडलं आणि कव्हरची घडी खांद्यावर टाकून बाहेर आले. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

"अहो, आता काय उपयोग? सगळं तडकलंय!"

"आपल्यासाठी नाही गं. पुढचे येतायत ना, त्यांना यातलं काही माहीत नसलं तर? एकदा चढवून, हुकं जमवून ठेवतो. त्यांची अडचण नको."

स्वतःसाठी हात लावू दिला नाही, आणि परक्यांसाठी फाडलं! मला इतका संताप आला की रडूच फुटलं. पदराला नाक पुसायची सवय, पण ओल्या झाडांत फिरायचं म्हणून अंगात रेनकोट होता. बाहीनेच पुसलं आणि दुसरं टोक धरलं. एकट्याने ते ओढता येत नाही.

"नीट धर," ते म्हणाले. "खाली टेकलं तर मळेल."