थर्माकोलचा आवाज खोटा आला म्हणून

साहेब, तुम्ही मला हशा मिळवण्यासाठी फोडलंत. चुकून नाही, रागाच्या भरातही नाही. खुर्चीत बसून, चहाचे घोट घेत, हुकूम सोडून फोडलंत. आणि वर सिनेमाच्या फलकावर छापलंत, 'सहकुटुंब पाहावी अशी गोड प्रेमकथा'. तुमच्या त्या गोडव्याची मला शिसारी येते.

मित्रांनो, मी एक जुना बेंजो आहे. लाकडाची लांबट पेटी, वर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. हातकणंगल्याच्या तवनाप्पांनी मला सागवानातून घडवलं. माणूस शांत, पण तार जरा उतरली की त्यांना घास गिळवत नसे. उचगावचा धैर्यशील मला न्यायला आला तेव्हा ते म्हणाले, "पावणं, दणकून वाजवा. पर आपटू नगा. जीव हाय त्यात."

धैर्यशीलनं ते पाळलं. लग्न असो, गणपती असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहून तो मला वाजवायचा आणि खाली माणसं घामाघूम होऊन नाचायची. पण गड्याला वेडच लागलं होतं. जेवतानाही बोटं ताटाच्या काठावर चालायची. त्याची आई, तानाबाई, कावायची, "आमटी खातोस का वाजिवतोस रं?"

अशा माणसाचं नेसरीच्या मोनाशी लग्न ठरलं. इतर पोरं फोनवर गोड बोलतात, हा तिला नव्या चाली ऐकवायचा. तिलाही आवडायचं, खोटं कशाला सांगू!

साखरपुडा नेसरीत, तिच्या दारात. वाजवायला ह्याचंच पथक. नवरदेव पाटावर म्हणून मी त्याच्या जोडीदाराच्या, जोतीरामच्या हातात. मोनानं अंगठीसाठी बोट पुढं केलं आणि नेमकी तेव्हाच जोतीरामची लय घसरली. झालं! धैर्यशील पाटावरून उठला. भर मांडवात त्यानं मला जोतीरामकडून ओढून घेतलं, लय जाग्यावर आणली आणि गाणं संपवूनच थांबला. लोकांनी टाळ्या पिटल्या. वळून बघतो तर मोनाचा पाट रिकामा.

आतून तिचा आवाज आला, "त्या पेटीलाच घाल जा अंगठी!"

त्यानंतर हा पार खचला. रात्रंदिवस एकच संथ चाल बसवत राहिला. ती मोनासाठी माफी होती. शब्द त्याला कधी जमलेच नाहीत. वरातीतसुद्धा हळूच तीच चाल घुसवायचा. एकदा नवऱ्याचा मामा खेकसला, "भावा, लगीन हाय हे! दहाव्याला आलायस व्हय?"

साहेब, हा किस्सा तुम्ही चहाच्या गाड्यावर ऐकलात आणि तुमच्या तोंडाला पाणी सुटलं. मोडलेलं मन, संगीताचं वेड, वर विनोद, सगळं आयतं! घरी येऊन तुम्ही धैर्यशीलच्या खांद्यावर हात ठेवलात. म्हणालात, "तुझ्याच गोष्टीचा सिनेमा करतो. शेवटी तुझीच चाल वाजेल. ती बघेल आणि विरघळेल." भाबड्यानं विश्वास ठेवला. तुमच्या रेकॉर्डिंगच्या यंत्रासमोर बसून त्यानं ती चाल सबंध वाजवली. तसा मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो.

मग शेवटचा प्रसंग. नायक बेंजो गुडघ्यावर मोडतो आणि नायिका खिदळत त्याच्या मिठीत पडते. मोडायला थर्माकोलचा बेंजो होता, माझ्यासारखाच रंगवलेला. तो मोडला. तुम्ही नाक मुरडलंत. "आवाज खोटा येतोय. खरा आणा."

धैर्यशील धावला. "साहेब, न्हाय जमायचं! माझा हाय त्यो!" दोघांनी त्याला धरून ठेवलं. कडाकड आवाज झाला आणि तुम्ही खूश होऊन ओरडलात, "वा! ह्याला म्हणतात आवाज!"

थू तुमच्या जिंदगानीवर! माझं वाजणं तुम्ही कापून टाकलंत. त्या जागी भाड्याचं कसलंतरी संगीत चिकटवलंत. माझं मोडणं तेवढं ठेवलंत.

धैर्यशीलनं मोनाला निरोप धाडला होता, 'सिनेमा बघ, त्यात माझी माफी हाय.' तिनं बघितला आणि थेट उचगावात आली.

"ही तुझी माफी? त्यात ती बया किरकिर करती, म्हणून त्यो बिचारा बेंजो फोडतो. थेटर हसत हुतं माझ्यावर! मी फोड म्हटलं हुतं कवा? अंगठी घालूस्तवर बस, एवढंच मागितलं की मी!"

"मी चाल वाजवली हुती गं."

"कुठं हाय? दाव."

त्यानं मला पोत्यातून काढलं. तुटलेल्या तारा लोंबत होत्या, पोट उघडं. मोनानं माझ्या फुटक्या लाकडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "दुसऱ्यावर वाजीव."

त्यानं नकारार्थी मान हलवली. तुमच्या सिनेमानंतर त्यानं कुठल्याही बेंजोला हात लावला की वरातीतली माणसं ओरडतात, "धैर्या, फोड की!" त्याची बोटं आता उचलत नाहीत.

मोना उठली. "ती चाल ऐकव, मग बघू," म्हणाली आणि नेसरीची एसटी धरली.

मित्रांनो, वाद्य असो नाहीतर माणूस, त्याचं वाजणं ऐकल्याशिवाय त्याच्या मोडण्यावर हसू नका. एवढं जपा.

आणि साहेब, ती चाल तुमच्या यंत्रात अजून आहे. धैर्यशील फोन करतो, तुम्ही उचलत नाही. दारात येतो, तुमची माणसं त्याला हाकलतात. तुम्हाला ती नकोच आहे; तुम्ही ती कापून फेकलीत. मग दाबून का बसलाय? ती मोनाला पाठवणार आहात की नाही? तोंड उघडा आणि सांगा.