गळालेला फर्मा

मालन तांडेलने वर्तमानपत्रात बांधलेली पुडी स्वयंपाकघराच्या दारात मंदाकिनीबाईंच्या हातात दिली आणि मगच ती प्रधान सरांसमोरच्या खुर्चीत टेकली.

"सोडे आहेत, वहिनी. कोलंबी सोलून आईने घरीच वाळवलेत."

"अगं, कशाला एवढे!" असं म्हणत मंदाकिनीबाईंनी तिथंच पुडी सोडून वास घेतला. कायस्थाच्या घरात सोड्यांना नको म्हणायची रीत नव्हती.

सीताराम प्रधानांना मात्र हे काही नीट वाटेना. ठाण्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत ते गेली बारा-तेरा वर्षं पुस्तक परीक्षणं लिहीत होते आणि डोंबिवलीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ज्यांच्या पुस्तकांची त्यांनी सालं काढली ते लेखक एकतर संपादकांना लांबलचक पत्र पाठवत, नाहीतर वाचनालयाच्या जिन्यात ओळख न दाखवता पुढे जात. मागच्या रविवारी मालनच्या पुस्तकाला धुऊन काढलं, आणि ह्या रविवारी तीच सोडे घेऊन दारात. ह्याला काय म्हणावं?

मालन ठाण्यात पालिकेच्या शाळेत शिकवायची, वर्तकनगरला राहायची आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहायची. तिची 'भरतीबंदी' ही कादंबरी पुढच्या शतकातल्या एका शहराची होती. त्या शहराने समुद्राला भिंत घातलेली. खाडी बघायला मनाई. चौदावं लागलं की यादीत नाव येणार आणि पहारेकरी त्या मुलाला भिंतीच्या कामावर घेऊन जाणार, ते कायमचं. ह्या सगळ्याला रतन नावाची मुलगी आडवी जाते. पहिला भाग दोन वर्षांपूर्वी आला, तेव्हा प्रधानांनीच तो उचलून धरला होता. दुसरा भाग ह्या मार्चमध्ये आला.

"सर, मी भांडायला नाही आलेली," मालन म्हणाली. "तुमचं पटलं, तेच सांगायला आले."

"अहो, मतं असतात एकेकाची," प्रधान म्हणाले.

"नाही सर. रतन आपणहून पहारेकऱ्यांच्या स्वाधीन होते, त्याला काही कारणच नाही, असं लिहिलंत ना तुम्ही? आठवडाभर माझ्या डोक्यात तेच चाललंय. कारण मी लिहिलेलं, सर. धाकट्या भावाचं वय चुकीचं लागतं आणि त्याचं नाव यादीत येतं. रतन त्याला पाठुंगळी घेऊन भिंतीवर चढते, एकदाची खाडी दाखवते आणि सकाळी त्याच्या जागी स्वतः जाऊन उभी राहते. पानंच्या पानं त्यातच गेली. सगळ्यात जीव लावून लिहिलेलं तेच." ती थांबली. "आणि तुमच्यासारख्याला ते दिसलंसुद्धा नाही. म्हणजे मला लिहिताच आलं नाही ते."

प्रधानांनी कपाळाला आठ्या घातल्या. पाठुंगळी घेतलेला भाऊ त्यांना काही केल्या आठवेना.

"तिसऱ्या भागाचं बाड मी प्रकाशकांकडून परत आणलंय," मालन म्हणाली. "त्यांना सांगितलं, नका छापू. एकच प्रत आहे ती. उद्या आईकडे गेले की बंबात घालते."

"बंबात?"

"तेवढंच आंघोळीचं पाणी तापेल." ती हसली, पण ते हसू काही तिला जमलं नाही.

प्रधान उठले. "पुस्तक बघतो जरा," एवढंच पुटपुटले. कपाटाकडे तोंड आणि तिच्याकडे पाठ करून त्यांनी 'भरतीबंदी'चा दुसरा भाग काढला आणि पानं उलटली. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, 'रतनने भावाचा हात घट्ट धरला आणि'. शेजारच्या पानावर, 'दार उघडलं तेव्हा पहारेकरी तीनच होते.' त्या पानाचा आकडा एक्क्याऐंशी होता.

सोळा पानांचा अख्खा फर्मा बाइंडरने शिवायचाच ठेवला होता. तशा प्रती निघतात. पुस्तक हातात आलं की आधी फर्मे तपासावेत, हे वाचनालयाच्या पोरांना प्रधान स्वतः बजावत असत. पण खरी लाज त्याची नव्हती. हे अर्धं वाक्य त्यांनी त्या दिवशी पाहिलं होतं. त्यांना चांगलं आठवत होतं. पुरवणीचा माणूस दुपारी मजकूर न्यायला येणार होता, म्हणून ते तसेच पुढे सरकले होते, आणि वर परीक्षणात लिहून मोकळे झाले होते, 'काही वाक्यं पुरी करायचे कष्टही लेखिकेने घेतलेले नाहीत.' ह्या वाक्याला वाचनालयात किती दाद मिळाली होती!

पुस्तक मिटून जागेवर ठेवलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. त्यांनी ते मिटलंही.

"बाड जाळू नका," ते वळून म्हणाले. "परीक्षणाचं एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. लिहीत राहा."

"समजूत घालू नका, सर. तुम्ही खरं तेच लिहिता, म्हणून तर तुमच्याकडे आले."

प्रधानांनी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. मग त्यांनी चौसष्टावं पान काढून पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. मालनने एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आकडे पाहिले आणि एकदम तोंडावर हात दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातूनच ती खळखळून हसायला लागली.

"वहिनी, अहो बाहेर या! बाइंडरने फर्माच गिळला! म्हणजे मी लिहिलेलं बरोबर होतं, नाही का सर? रतनचं कारण आहे, ह्या प्रतीतच नाहीये!"

"पुढच्या रविवारी मी खुलासा देतो," प्रधान म्हणाले. "माझी चूक झाली."

"तुमची कसली, सर? चूक बाइंडरची."

इथं गप्प बसता आलं असतं. पण तिने त्यांना इतक्या सहज सोडलं, हेच त्यांना सोसेना.

"मी पुस्तक वाचलं नव्हतं, मालनबाई," ते म्हणाले. "चाळलं होतं."

मंदाकिनीबाई हात पुसत दारात आल्या होत्या, त्या तिथंच थबकल्या. मालनचं हसू हळूहळू उतरलं. तिने पुस्तक मिटून शेजारच्या स्टुलावर ठेवलं.

"पहिल्या भागावर तुम्ही लिहिलेलं," ती म्हणाली, "हे पुस्तक हातात असताना जेवणाची हाक ऐकू येत नाही. माझ्या आईला अक्षर येत नाही, पण तुमचं हे वाक्य तिला पाठ आहे." ती जराशी घुटमळली. "ते तरी वाचून लिहिलेलं ना, सर?"

पहिला भाग प्रधानांनी दोनदा वाचला होता. दुसऱ्यांदा तर मोठ्याने, मंदाकिनीला ऐकवत, आणि शेवटी त्यांचा आवाज फुटेना म्हणून पुढची पानं तिने वाचली होती. हे तिलाच सांगायला लावावं असं त्यांच्या मनात आलं, आणि बायकोला साक्षीला बोलवायची पाळी यावी ह्याचीही त्यांना लाज वाटली.

"वाचलं होतं," ते म्हणाले. "दोनदा."

"हो ना," मालन म्हणाली. वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोरासमोर शाळेतल्या बाई हलवतात तशी तिने मान हलवली आणि ती चपला घालायला उठली.